आवाज खाणारा पाय

"पडली म्हणून तुटला, की तुटला म्हणून पडली?"

हौशीरामने पुन्हा विचारलं. झुंबर मिस्त्री पान्यांचा डबा लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मिस्त्री, मी तुमच्याशी बोलतोय."

"विचारतोस का सांगतोस?"

हौशीरामने नजर वळवली.

समोर जीप होती. जीप म्हणायचं ते सवयीने. टप चेपून सीटला टेकलेलं, पुढची काच नाही, एक चाक आडवं. आंबेदऱ्याच्या घाटातून क्रेनने ओढून काढलेली. ठाण्याच्या आवारात जागा नव्हती, म्हणून पोलिसांनी ती घाटाच्या पायथ्याला, झुंबर मिस्त्रीच्या गॅरेजसमोर लाकडी ठोकळ्यांवर आणून ठेवली होती. दारावरचं आश्रमशाळेचं नाव अजून वाचता येत होतं. मागच्या बाकाच्या फटीत एक लाल रिबीन अडकली होती. ती कुणी काढली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीला घरी निघालेल्या मुली होत्या. चार गेल्या. सगळ्यांत धाकटी तिसरीत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : चालकाचा ताबा सुटल्याने जीप दरीत. हे वाक्य आपल्याकडे जुळवून ठेवलेलंच असतं. घाटाचं नाव बदलायचं, मेलेल्यांचा आकडा बदलायचा. ताबा कुणाचा, कशावरचा आणि कधीपासून सुटला होता, हे विचारायला कुणी घाट चढत नाही. गाडी तपासायला आलेले साहेब तर वाकलेसुद्धा नाहीत. एक फेरी मारली, मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला, गेले. पँटला इस्त्री होती.

चालक काशिनाथ धादवड वाचला होता. वाचला म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात होता. पाय मोडलेला, हाताला बेडी, बेडी खाटेला. येईल त्याला तो एकच सांगत होता : "गाडी मागून वाजत होती."

हे खरं की खोटं, ते सांगू शकेल असा एकच माणूस होता. हौशीराम लोहकरे. तालुक्याला मोठं गॅरेज, गाडी उचलायची लिफ्ट, आश्रमशाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीला त्याच्याकडे. आज दुपारी ठाण्यात त्याचा जबाब होता. काय बोलायचं ते संस्थेच्या सचिवांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाडी ठणठणीत होती. एवढं बोललं की काशिनाथ आत, संस्था मोकळी, हौशीरामही मोकळा.

पण त्याआधी त्याला गुरूच्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

मिसरूड फुटायच्या आधी तो या गॅरेजात आला होता. पान्याचा नंबर ओळखण्यापासून इंजिन उतरवण्यापर्यंत जे काही येत होतं ते इथलं. पुढे तो मोठा झाला. लोक म्हणायचे, हौशीराम गाडी उघडत नाही, ऐकतो. ते त्याला आवडायचं. गॅरेजच्या पाटीवर त्याने कान काढून घेतला होता.

"तुम्ही फक्त म्हणा," तो म्हणाला. "पडताना तुटला. तुमच्या शब्दाला मान आहे. साहेबसुद्धा ऐकतील."

"साहेबानं ऐकायला आधी वाकायला पायजे होतं."

लिंबाखाली हवालदार साबळे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हसू दाबलं.

"तुमीबी हसू नका, साबळे," मिस्त्री म्हणाला. "चार दिवस राखण करताय. पळून जाणारे का ती?"

"वरून आदेश आहे."

"खालून बघायचा आदेश नाय का कुणाला?"

साबळे मोबाइलकडे वळले.

मिस्त्रीने डब्याचं झाकण लावलं. मग तो हौशीरामकडे पाहत जीपखालच्या जमिनीवर पोतं टाकून म्हणाला, "शीर आत."

"आत्ता?"

"मग कधी?"

"मिस्त्री, शर्ट… ठाण्यात जायचंय."

"जबाब शर्ट देणार नाय."

हौशीराम आत शिरला. बाहेर त्याचे फक्त बूट दिसत होते. झुंबर मिस्त्री त्या बुटांशेजारी उकिडवा बसला.

"काय दिसतंय?"

"शाफ्ट तुटलाय. पुढच्या टोकाला."

"शाफ्ट?"

"…शाफ्ट नाही. क्रॉस."

जीपची ताकद पुढे तयार होते आणि मागच्या चाकांना लागते. ती मागे नेणारा लांब लोखंडी नळा म्हणजे शाफ्ट. गाडी खड्ड्यात हलली तरी नळा मोडू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधा असतो. अधिकच्या चिन्हासारखा, मुठीएवढा. तो क्रॉस. अख्ख्या गाडीचा ओढा त्या मुठीएवढ्या लोखंडातून जातो.

"पत्र्याकडे बघ. तुझ्या तोंडावर हाय तो."

"पोचे आहेत."

"एक?"

"…बरेच."

"कुठून मारलेले?"

आत पत्र्यावरून बोटं फिरल्याचा आवाज आला.

"हौश्या, कुठून?"

"खालून."

"दरीतला दगड असा मारतो? गोल धरून, एकाशेजारी एक?"

"…"

"ब्रेकची नळी बघ."

"तुटलीय."

"तुटलीय का छाटलीय?"

बूट हलले नाहीत. लिंबावर कावळा ओरडत होता. साबळ्यांच्या मोबाइलवर कुणीतरी कुणाला तरी हसत होतं.

"छाटलीय," हौशीराम म्हणाला.

उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. क्रॉस निखळला की ती पकड गेली. सुटलेला शाफ्ट जागच्या जागी दांडपट्ट्यासारखा फिरतो. पत्र्याला मारतो, हाताशी येईल ते छाटतो. त्याने ब्रेकची नळी छाटली. आणि त्या जुन्या जीपचा हँडब्रेकही त्याच शाफ्टला धरणारा. काशिनाथने ब्रेक दाबला असेल. हँडब्रेक ओढला असेल. दोन्ही रिकामे आले असतील. त्याच्या मागे मुली बसल्या होत्या.

ताबा सुटला, असं छापून आलं.

हौशीराम बाहेर आला. पाठ मातीने भरली होती. हातात चिंधी होती, आणि ती तो खिशात घालत होता.

"काय पुसलंस?"

"काही नाही. सवय."

"दाखव."

हौशीराम उभा राहिला. मिस्त्रीने हात पुढे केला नाही, आवाज चढवला नाही. नुसता बसून राहिला. शेवटी हौशीरामनेच चिंधी उघडली.

चिंधीत तपकिरीसारखी लाल भुकटी होती. कोरडी, बारीक. क्रॉसच्या टोपीत सुईसारखे बारीक रोलर असतात. ग्रीस वाळलं की ते एकमेकांना खातात, आणि त्यांचं हे होतं.

"एका दिवसात होती का ही?"

"नाही."

"दरीत पडताना होती?"

"…नाही."

"मी तुला काय शिकवलं होतं? आधी काय बोलतं?"

"चिमणी."

"मग?"

"हातोडा."

"मग?"

हौशीरामने घाटाकडे पाहिलं. गॅरेजात शिकणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री हे पाठ करायला लावायचा. ग्रीस संपतं तेव्हा खालून चिमणीसारखी चिरचिर येते. तेव्हा ऐकलं नाही, तर गिअर टाकताना, रेस सोडताना मागून ठक् येतं, हातोड्यासारखं. तिसरं काय ते मिस्त्री कधी सांगायचा नाही. इथून घाट दिसतो, म्हणायचा.

"हातोडा ऐकलास तू?"

"नाही ऐकला!" हौशीराम एकदम उसळला. "तेच तर सांगतोय मघापासून. काशिनाथ रोज रडत यायचा, गाडी वाजते, गाडी वाजते. शेवटी मी स्वतः बसलो. सचिव मागे बसले होते, विचारा त्यांना. अख्खा घाट चढलो, अख्खा उतरलो. एक आवाज नाही. देवाशपथ सांगतो मिस्त्री, माझ्या पायाखाली ती गाडी कधी वाजलीच नाही."

"मग काय बोललास?"

"बोललो, दोष गाडीत नाही. याच्या पायात आहे."

"खरं बोललास."

हौशीराम चपापला. मग त्याचा चेहरा सैल झाला. "बघा. तुम्हीच म्हणताय."

"वाजत होती त्याच्या पायाखाली. तुझ्या नाय. त्यात खोटं काय?"

"तेच म्हणतोय मी."

"व्हय," मिस्त्री म्हणाला. "तेच म्हणतोयस तू…"

त्याच वेळी जीपच्या पलीकडून साबळ्यांचा आवाज आला. "ओ बाई! ओ! पुराव्याला हात लावायचा नाही."

एक बाई पुढच्या सीटखाली वाकली होती. दंडाला डब्याची पिशवी, पदर कमरेला खोचलेला.

"चप्पल बघतीय."

"कुणाची?"

"यांची. एकच हाय दवाखान्यात."

"चप्पलपण पुरावाच आहे."

"मग दुसरी पण न्या की. जोडीनं ठेवा."

ती काशिनाथची बायको, चांगुणा. डबा घेऊन तालुक्याला निघाली होती. वाटेत गॅरेज लागतं म्हणून थांबली. तिने मान वर केली, तेव्हा तिला हौशीराम दिसला. ती जवळजवळ धावतच आली.

"दादा! तुमी आलाय. लई बरं झालं."

हौशीरामने चिंधी मुठीत दाबली.

"आज तुमाला ठाण्यात बोलावलंय ना? हे सारखं तेच म्हणतात. दादा सांगतील, दादांना सगळं म्हाईत हाय." ती मिस्त्रीकडे वळली. "बाबा, लोक म्हणतात याला गाडी येत नव्हती. तुमी सांगा, ज्याला दादांनी शिकवलं त्याला येत नसंल व्हय?"

"काय शिकवलं यानं?"

"मिस्त्री, जाऊ द्या, तिला उशीर होतोय…"

"तिला बोलू दे."

"आधी घरी आले का रोज तेच," चांगुणा म्हणाली. "जेवायला बसले का पाटावर मूठ आपटून दाखवायचे. असं वाजतं, चांगुणे. मागनं. असं. पोरं बसलेली असतात आन् मागनं असं. मग सचिवसाहेब म्हणले, परत तक्रार आणलीस तर दुसरा डायवर बघतो. तवा दादांनी यांना शेजारी बसवून शिकवलं. महिनाभर. आन् एक दिस हसत आले घरी. म्हणले, आता वाजत नाय. दादांनी मला पाय दिला."

ती थांबली. "मी देवीला नारळ फोडला त्या दिवशी."

 साबळ्यांनी मोबाइल बंद करून खिशात ठेवला.

"कधीची गोष्ट ही?" मिस्त्रीने विचारलं.

"आखितीच्या सुमाराची."

अक्षय तृतीया ते दिवाळी, सहा महिने. मिस्त्रीने ते बोटांवर मोजले नाहीत. हौशीरामच्या मुठीतून लाल भुकटी सांडत होती, ती तो पाहत होता.

"जा बाई, पलीकडल्या बाजूनं बघ," तो म्हणाला. "साबळे, चप्पल काढू द्या तिला. वरच्यांना मी सांगतो."

साबळ्यांनी खुर्ची मागे सारली. ते उठले आणि स्वतःच सीटखाली वाकले.

चांगुणा पलीकडे गेल्यावर मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "म्हण."

"काय?"

"काय शिकवलंस त्याला? म्हण."

हौशीराम धडा म्हटल्यासारखा बोलू लागला. "क्लच अर्धा सोडायचा. थांबायचं. आधी सांधा ताणून घ्यायचा, मग रेस द्यायची. उताराला रेस एकदम सोडायची नाही. ढील उरली नाही की ठोका बसत नाही. पायाखाली…"

"पायाखाली काय?"

"…पायाखाली अंडं आहे समजायचं."

"अंडं."

"हो."

"हे अंडं कुणाचं?"

हौशीरामने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, पण त्यात रागही होता.

"तुमचं," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत! घाटमाथ्यावर. तो क्रॉस ढिला झालेला टेम्पो. तुम्ही शेजारी बसलात आणि मला खाली आणायला लावलंत. आवाज न करता. आणि खाली आल्यावर पाठ थोपटलीत माझी. आयुष्यात एकदाच थोपटलीत. मी विसरेन?"

"टेम्पोत कोण होतं?"

"आपण दोघं."

"आन् माल?"

"तुम्ही वरच उतरवून ठेवायला लावला होता."

"खाली आल्यावर मी काय केलं?"

"…"

"पाठ थोपटली. मग?"

"मग…" हौशीराम थांबला. "मग तिथंच खाली शिरलात. क्रॉस काढलात. ताट वाढलं होतं, जेवला नाहीत. टेम्पोवाला म्हणत होता उद्या करा, एक खेप मारून येतो. त्याची किल्ली तुम्ही खिशात घातलीत."

"ते शिकवलं नव्हतं?"

हौशीरामची मूठ चिंधीवर आणखी आवळली.

"पाठ ध्यानात ऱ्हायली," मिस्त्री म्हणाला. "किल्ली नाय."

दुखणाऱ्या गाडीला घरापर्यंत आणायची ती युक्ती होती. एका उतारापुरती. हौशीरामने तिची कला केली. आपल्याकडे हे असंच होतं. पूल हलतो, तर पुलावरून हळू चालवणारा ड्रायव्हर चांगला. शाळा गळते, तर बाक सरकवून शिकवणारे मास्तर चांगले. बिघाड पोटात घालणाऱ्याला शाबासकी, आणि बोंब मारणाऱ्याला हात-पाय नीट चालवता येत नाहीत म्हणून ताकीद. काशिनाथ बोंब मारत होता. त्याला गप्प बसवलं नाही कुणी. त्याला शिकवलं.

"मी जबाबात खरं बोललो तर…" हौशीरामचा आवाज बसला होता. "संस्था मला सोडणार नाही. म्हणतील, मिस्त्री म्हणून तुझीच जबाबदारी. काशिनाथच्या जागी मी बसेन. माझं गॅरेज, माझी माणसं…"

"व्हय."

"व्हय काय? काहीतरी सांगा ना!"

मिस्त्री उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. खुंटीवरची किल्ली काढून त्याने हौशीरामकडे फेकली.

"बाईला दवाखान्यात सोड. तसाच ठाण्यात जा. माझी जीप ने."

"माझी कार आहे की बाहेर."

"तुझी कार वाजत नाय."

झुंबर मिस्त्रीची जीप अख्ख्या पंचक्रोशीत बदनाम होती. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा. पोरं तिला ठकूबाई म्हणायची. मिस्त्रीने तो आवाज कधी घालवला नव्हता, आणि जीप कुणाला भाड्यानेही दिली नव्हती.

चांगुणा मागे बसली. तिच्या मांडीवर पुरुषाची एक चप्पल होती, मातीने भरलेली. ती पदराने माती पुसत होती. हौशीराम चाकामागे बसला. किल्ली फिरवली. गिअर टाकला.

जीप निघाली.

तेल लावल्यासारखी निघाली. ना धक्का, ना ठोका. आवाराला एक वळसा घालून तो फाटकाशी आला, थांबला, पुन्हा सुटला. साबळे तोंड उघडून बघत होते.

"अहो मिस्त्री, तुमची ठकूबाई मुकी झाली की!"

मिस्त्री फाटकात आडवा उभा राहिला. हौशीरामने ब्रेक लावला.

"वाजव."

"काय?"

"वाजव तिला."

हौशीरामने क्लच दाबला. सोडला. जीप निघाली. आवाज नाही.

"वाजव म्हणतोय मी."

"वाजवतोय."

पुन्हा सोडला. त्याचा चेहरा ताणला होता. पाय अर्ध्यावर आला, थांबला, सांधा ताणला, आणि जीप अलगद सरकली. जणू तो पाय त्याचा नव्हताच. कुणी आपल्याला हाक मारू नये म्हणून जन्मभर टाचा उचलून चाललेल्या माणसाचा पाय.

"होत नाही," तो म्हणाला. कपाळावर घाम होता. "मिस्त्री, होत नाही हो. सवय गेलीय."

"सोड एकदम."

"मागे बाई बसल्यात. धक्का बसेल त्यांना."

मिस्त्री खिडकीशी आला. त्याने आत पाहिलं. चांगुणाकडे, चपलेकडे. मग त्याने मान वळवून ठोकळ्यांवरच्या जीपकडे पाहिलं. तिच्या बाकाच्या फटीत लाल रिबीन वाऱ्याने हलत होती.

"मुलीबी बसल्या होत्या," तो म्हणाला.

हौशीरामचा पाय क्लचवरून सुटला.

ठक्!

जीप आचका देऊन पुढे गेली, थबकली. त्याने रेस दिली, सोडली. ठक्. पुन्हा दिली, सोडली. ठक्. लिंबावरचा कावळा उडाला. रस्त्यापलीकडे चहावाल्याने डोकं बाहेर काढलं. मागे चांगुणाच्या हातातली चप्पल खाली पडली.

"हेच," ती पुढे झुकून म्हणाली. तिची मूठ आपोआप वळली होती. "असंच. असंच दाखवायचे ते पाटावर…"

हौशीराम रडत होता, आणि रडता रडताही त्याचा कान काम करत होता. "हा क्रॉस नाही," तो म्हणाला. "मागचं डिफरन्शियल आहे. दात झिजलेत."

"क्रॉस नवा हाय. ही तुटायची नाय, नुसती वाजती," मिस्त्री म्हणाला. "कान शाबूत हाय की रं तुझा."

"मिस्त्री…"

"बोल."

"मी आत गेलो तर?"

 खिडकीतून हात घालून मिस्त्रीने हौशीरामची मूठ उघडली. आत चिंधी होती. ती त्याने झटकली नाही, घेतली नाही. नीट घडी केली, उरलेली भुकटी सांडू न देता, आणि हौशीरामच्या शर्टाच्या खिशात ठेवली. पांढऱ्या खिशावर त्याच्या बोटांचे लाल ठसे उमटले.

समोर तालुक्याचा रस्ता होता. सपाट, सरळ. बाजाराचा दिवस होता, माणसं चालली होती. हौशीरामने गिअर टाकला. त्याचा पाय पुन्हा अर्ध्यावर थांबू पाहत होता.

मिस्त्री फाटकातून बाजूला झाला.

"बाजारातून जा," तो म्हणाला, "आन् असाच वाजत जा."